मार्गशीर्षातला मटार

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आमच्याकडे. बायका येत होत्या, जात होत्या, हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही म्हणून तळमजल्यावरच्या काकूंना मी गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून दिली. मसाला दूध घेऊन परत गेले तर काकू खुर्चीतून पुढे वाकल्या होत्या आणि डब्यातल्या वेलाची एक शेंग दोन बोटांत धरून हळूच दाबून बघत होत्या. "खरी आहे का गं ही?" मी हो म्हटलं. त्यांनी शेंग सोडली, परत धरली, देठापर्यंत बोट नेऊन बघितलं. "अगं पण मुंबईत मटार येत नाही." काकू दादरच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज अजून वर्गातलाच आहे. टोमणा वगैरे अजिबात नव्हता, साधं सरळ सांगणं होतं. "मुंबईचं हवामान सम आणि दमट. जानेवारी आणि मे यांच्या सरासरीत जेमतेम सहा-सात अंशांचा फरक. मटाराला थंडी लागते, ती इथे नाही." मग वाण घेतलं, हळदीकुंकू लावून घेतलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या.

शेंग तिथेच लटकत होती.

रात्री चांदीची भांडी पुसताना, नंतर अंथरुणावर पडल्यावरही तेच वाक्य डोक्यात. राग आला नव्हता, कारण काकूंचं म्हणणं पुस्तकात बघितलं तर अगदी बरोबर आहे, आणि मी स्वतः कित्येक वर्षं तेच म्हणत आलेय. "मुंबईत कुठली आलीये थंडी" हे आपण सगळेच म्हणतो. पुण्याहून नाहीतर नाशिकहून कोणी आलं की ते हसतात आणि आपण पण त्यांच्याबरोबर हसतो. डिसेंबरात माळ्यावरून ब्लँकेटं काढायची, ऊन दाखवायचं, दोन-चार रात्री अंगावर घ्यायची, पहाटेच्या लोकलला कानटोप्या दिसल्या की "आली बाबा थंडी" म्हणायचं, आणि पुढच्या आठवड्यात परत पंखा पाचवर. मग फेब्रुवारी लागला की "यंदा थंडी पडलीच नाही." दर वर्षी हेच वाक्य. पण यंदा माझ्या गॅलरीत हिरव्यागार शेंगा लागल्या होत्या, आणि मटार तर काही कोणाच्या म्हणण्यावर येत नाही ना. त्याला हवी तेवढी थंडी कुठून तरी मिळाल्याशिवाय तो शेंगा धरतच नाही. मग ती थंडी होती कुठे, आणि मला इतकी वर्षं दिसली कशी नाही, हे मला त्या रात्री झोपू देईना.

आम्ही राहतो बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला. गॅलरी ईशान्येला तोंड करून. इथे मी टोमॅटो घेतले, मिरच्या घेतल्या, गवती चहा आणि ओवा तर न विचारता वाढतात, पण मटार म्हटला की दर वर्षी एकच कहाणी. बियांच्या पाकिटावर पेरणीचा महिना ऑक्टोबर छापलेला असतो, आणि तो देशभरासाठी छापलेला असतो. पंजाबातल्या ऑक्टोबरला आणि बोरिवलीच्या ऑक्टोबरला एकच नाव आहे एवढंच. आपल्याकडे पाऊस गेल्यावर जे तापायला लागतं, पारा चौतीस-पस्तीसला टेकतो, हवा हलत नाही, त्या उकाड्यात ती बिचारी रोपं मातीतून वर यायची, वीतभर वाढायची, आणि मग खालची पानं एकेक करून पिवळी. कुठल्याशा वर्षी फुलं पण आली होती. पांढरी, नाजूक, मी सकाळी चहा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायचे. दोन दिवसांत देठासकट गळून लादीवर पडलेली. मटाराला साधारण दहा ते अठरा अंश मानवतं, तिशीच्या वर गेलं की फुलं आणि कोवळ्या शेंगा तो स्वतःच टाकून देतो. म्हणजे गांडूळखत घाला, कडुलिंबाची पेंड घाला, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, जीव लावा, हवा गरम असेल तर झाडाला त्याचा काही उपयोग नाही. हे मला फार लागायचं. एखाद्या गोष्टीसाठी आपण सगळं करायला तयार आहोत आणि तिला हवंय ते आपल्या हातातच नाही.

सासूबाई म्हणायच्या, "नको गं त्याच्या मागे लागूस. त्याची जमीन वेगळी."

आईंचं माहेर सासवडजवळ, पुरंदर तालुक्यात. तिथला वाटाणा आणि सीताफळं आणि अंजीर कोणाला माहीत नाहीत. गंमत म्हणजे तिथे वाटाणा पावसाळ्यात घेतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्काम करून पुढे गेली की पेरण्या उरकायच्या आणि श्रावण-भादव्यात तोडा, असं आई सांगतात. घाटावरची उंची, ढगाळ गार हवा, पाऊस बेताचा, निचऱ्याची जमीन, म्हणून तिकडे जमतं. आपल्याकडच्या धो धो पावसात बी रुजायच्या आधी कुजायचं. थंडीत मुंबईच्या मंडईत जो मटार ढिगानं येतो तो बहुतेक उत्तरेकडचा, जबलपूरचा नाव घेऊन विकतात तो, आणि तेव्हा तो स्वस्त पण असतो, रविवारी दुपारी पेपर अंथरून टीव्हीसमोर घरातले सगळे मिळून दोन-दोन किलो सोलत बसतात. श्रावणात मात्र भाव विचारायची सोय नसते. थोडक्यात काय, वर्षभर कुठे ना कुठे मटार पिकतोच आहे, फक्त जिथे पिकतो तिथे त्या महिन्यात त्याच्यापुरती गार हवा असते.

तेव्हा मी जागा बदलायचा विचार सोडला आणि महिना शोधायला लागले.

एक साधं थर्मामीटर आणलं, दिवसातलं कमाल आणि किमान दोन्ही धरून ठेवणारं, आणि ग्रिलला बांधलं. रोज सकाळी कॅलेंडरच्या चौकोनात दोन आकडे लिहायचे. गॅसचा नंबर, दूधवाल्याचा हिशोब आणि त्याच्या खाली हे. आपल्याला बातम्यांत मुंबईचं तापमान म्हणून दोन आकडे सांगतात, एक कुलाब्याचा आणि एक सांताक्रूझचा, आणि थंडीत दोन्हीत चांगला फरक असतो. कुलाबा समुद्रात घुसलेलं, तिथली रात्र कोमट. जानेवारीत सांताक्रूझचं किमान सरासरी सतराच्या आसपास असतं, कुलाब्याचं दोनेक अंशांनी जास्त. आणि आमची गॅलरी सांताक्रूझहूनही वेगळी निघाली, पार्काच्या झाडीवरून पहाटे जी हवा खाली उतरते ती थेट आमच्या ग्रिलमधून आत येते. उत्तरेचे वारे सुटले की पहाटे पाच-सहाला पारा चौदा-पंधरावर. मात्र त्याच गॅलरीच्या भिंतीशी, लादीवर, दोन अंश जास्त. भिंत दिवसभराची ऊब धरून ठेवते. आणि दिवसा सुद्धा अकराच्या पुढे आमच्याकडे ऊन नसतं, मागे सातमजली बिल्डिंग उभी आहे तिची सावली पडते. इतकी वर्षं मी त्या बिल्डिंगला नावं ठेवत होते, आणि जानेवारीच्या दुपारी बाहेर एकतीस असताना माझ्या कुंड्यांपाशी सत्तावीस तिच्याचमुळे असतात. हे चौकोन भरत गेले तसं एक दिसायला लागलं, साधारण डिसेंबर संपताना सुरू होऊन जानेवारीच्या शेवटापर्यंत रात्री खरंच गार असतात. तेवढाच काय तो पट्टा. मटाराला फूल येतं पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांनी, लवकर येणारा वाण असेल तर. म्हणजे फूल त्या पट्ट्यात पडायला हवं असेल तर पेरणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मार्गशीर्षातले गुरुवार सुरू होतात तेव्हा. पंचांग मागेपुढे होतं म्हणून मी तारीखच धरते, पण मनात माझ्या ते महालक्ष्मीच्या घटाबरोबर जोडलं गेलंय, तिकडे पाटावर घट मांडायचा आणि इकडे डब्यात बी टोचायचं.

बी आणलं अर्केलचं. बुटका वाण, गुडघ्याच्या वर जात नाही, दोन महिन्यांत शेंगा. पाकीट फोडून ताटलीत ओतलं तर आई म्हणाल्या, "हे काय आणलंस, सगळं बी चिरमटलेलं!" खरंच, एकेक दाणा सुकलेल्या मनुकेसारखा सुरकुतलेला. उसळीचा पांढरा वाटाणा कसा गोल गुळगुळीत टणक असतो, तो डोळ्यांसमोर असला की हे बी खराबच वाटतं. पण तीच तर त्याची खूण आहे. दहावीला आपण सगळ्यांनी मेंडेलचा तक्ता काढलाय, गोल बी आणि सुरकुतलेलं बी, तीनास एक. ब्रनोच्या मठात त्या माणसानं १८५६ पासून सात-आठ वर्षं वाटाण्याची हजारो झाडं लावली, मोजली, आणि १८६६ मध्ये ते छापून आलं तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. दाणा सुरकुततो कशामुळे, त्याचं उत्तर तर १९९० मध्ये मिळालं. साखरेचा स्टार्च बनवणारं एक एन्झाइम त्या दाण्यात धडपणे बनतच नाही. त्यामुळे साखर जास्त राहते, कोवळा असताना दाणा पाणी जास्त धरतो, आणि वाळला की तेवढाच जास्त आक्रसतो. म्हणजे जो वाळल्यावर वाईट दिसतो तोच ओला असताना गोड. शाळेत हे तीनास एक मी मार्कांसाठी पाठ केलं होतं, कोणी तेव्हा एक सुरकुतलेला आणि एक गोल दाणा तळहातावर ठेवायला हवा होता. आईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून एक दाणा नखानं टोकरून बघितला आणि म्हणाल्या, "असेल. आमच्याकडचं बी पण असंच असायचं का ते आता आठवत नाही. बायकांच्या हातात बी कुठे द्यायचे, पुरुषमाणसं पेरायची."

रात्रभर भिजवलं, सकाळी फुगून गोल झालं. मग गुळाचं पाणी उकळून गार करून त्यात रायझोबियमची, म्हणजे मुळांशी राहून हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंची, काळी पूड कालवली आणि दाण्यांना हलक्या हातानं चोळली, सावलीत तासभर सुकवली. शेतात हे जिवाणू मातीत असतातही, पण आपली गॅलरीतली माती म्हणजे कोकोपीट, गांडूळखत आणि नर्सरीतली थोडी लाल माती, त्यात ते कुठून येणार. रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे खाली भोकं पाडून ठेवले होते, ते भिंतीपासून काढून ग्रिलच्या कडेला विटांवर चढवले म्हणजे पहाटेची हवा चहूबाजूंनी लागेल. बी थेट डब्यातच, पेरभर खोल, कारण मटाराच्या मुळांना एकदा उचलून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही. आणि वर लगेच जाळी. कबुतरांबद्दल मुंबईत कोणाला काय सांगायचं.

आठवडाभरात कोंब दिसले. मान वाकवून वर येतात आणि मग सरळ होतात, त्या वाकलेल्या मानेवर मातीचा एखादा कण अडकलेला असतो. डिसेंबरभर मी त्यांच्याकडे बघण्यात जो वेळ घालवला तो कुठल्याच हिशोबात बसणार नाही. पानाच्या टोकाला जे बारीक हिरवे धागे निघतात ते आधी सरळ असतात, हवेत नुसते चाचपडत गोल फिरतात, इतके सावकाश की बघताना कळत नाही, चहा ठेवून परत आलं की दिशा बदललेली. ग्रिलच्या जाड पट्टीला लागले तर घसरतात, पकडता येत नाही. सुतळी लागली की तासाभरात एक वेढा, दुपारपर्यंत तीन-चार, आणि मग मधला भाग पण गुंडाळी होऊन आखडतो आणि अख्खं रोप सुतळीकडे ओढलं जातं. मी मुद्दाम बारीक सुतळ्या आडव्या-उभ्या बांधल्या होत्या. एक धागा शेजारच्याच रोपाच्या धाग्याला पकडून बसला होता, सोडवावासा वाटला नाही.

फुलं आली जानेवारीच्या सुरुवातीला. आणि मला पोटात गोळा. कारण ही पायरी मी आधी बघितलेली होती. त्याच सुमारास दोन दिवस पूर्वेचे वारे सुटले. मुंबईत थंडीत हे असं होतं, जमिनीवरचं कोरडं वारं जोर धरतं, समुद्रावरचं वारं दुपारी उशिरा आत येतं आणि तोपर्यंत पारा तेहतीस-चौतीसला गेलेला असतो. मी ऑफिसात बसून मोबाईलवर तापमान बघत होते. घरी फोन करून आईंना म्हटलं, जरा ओलं गोणपाट डब्यांच्या भोवती गुंडाळाल का, त्यांनी बाईंकडून गुंडाळून घेतलं आणि वर म्हणाल्या, "तू तिकडे काम कर." एक-दोन फुलं गळलीच. बाकीची थांबली. तिसऱ्या दिवशी वारं फिरलं, पहाटे पंधरा. मधमाश्यांची वाट बघत बसायची गरज नव्हती, हे एक बरं आहे मटाराचं. फूल उमलायच्या आधीच आतल्या मिटलेल्या पाकळीत परागकण सांडून सगळं होऊन गेलेलं असतं. मेंडेलला म्हणूनच कळ्या उघडून आतले पुंकेसर चिमट्यानं काढून टाकावे लागायचे. सहाव्या मजल्यावर जाळीच्या आत वाढणाऱ्या झाडासाठी ही केवढी सोय. पाकळ्या कोमेजल्या आणि त्यांच्यातून एक चपटी, पारदर्शक, नखाएवढी हिरवी पात बाहेर आली, टोकाला वाळलेली पाकळी अजून चिकटलेली. उजेडासमोर धरली तर आत बारीक ठिपके ओळीनं.

शेंग भरायला लागते तेव्हा आधी लांबी धरते आणि मग जाडी. मध्ये काही दिवस ती पूर्ण लांब पण पोकळ असते, बोटानं दाबली की आत हवा लागते. काकूंनी दाबून बघितली ती अशीच एक.

तोडायच्या दिवशी मी सकाळीच वाटी घेऊन गेले आणि एक शेंग धरून ओढणार तेवढ्यात आईंनी मागून हात धरला. एवढ्या दिवसांत त्या गॅलरीत आल्या तरी लांबूनच बघायच्या, हात लावायच्या नाहीत. "एका हातानं नाही. वेल उपटून येईल." डाव्या हातानं त्यांनी देठाच्या वरचा वेल चिमटीत धरला आणि उजव्या अंगठ्यानं देठावर दाब देऊन शेंग वरच्या बाजूला मोडली. टच. वेल हललासुद्धा नाही. दुसरी. तिसरी. ऐंशीच्या घरातली बाई, सकाळी गोळ्यांची पाकिटं फोडताना बोटं थरथरतात म्हणून मी फोडून देते, आणि इथे बोटं न बघता चालत होती. शेंग बोटांना कळते म्हणाल्या, भरली का नाही ते डोळ्यांनी बघायला वेळ कुठे असायचा, पाऊस अंगावर, पाठीवर पोत्याची खोळ, सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून जायचं, संध्याकाळी पोती पुण्याच्या गाडीत चढली पाहिजेत. चांगला माल सगळा बाजारात. घरात राहायचा तो पिवळा पडलेला नाहीतर अळीनं पोखरलेला, त्याची आमटी. "मी कोवळा वाटाणा पोटभर खाल्ला तो लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्यावर. तुझ्या सासऱ्यांनी विकत आणलेला."

मला काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं मी "तुमच्या माहेरी तर काय मजा असेल" असं म्हणत आले होते आणि त्यांनी कधी खोडून काढलं नव्हतं. माझ्यासाठी जो आनंद होता तो त्यांच्यासाठी आधी कंबरदुखी होता, ओले कपडे होते, काळी पडलेली नखं होती. आणि तरी त्यांनी सगळ्या भरलेल्या शेंगा शोधून तोडल्या, एक चुकली नाही, आणि तोडून झाल्यावर वाटी स्वतःच्याच मांडीवर घेऊन बसल्या. मी विचारलं, आई, तुम्हाला बरं वाटतंय ना? तर म्हणाल्या, "सोल एक, बघू."

शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबला की ती टप्प करून उघडते आणि सगळ्यात आधी वास येतो, ओला, हिरवा, थोडा दुधाळ. आत मऊ ओलसर पडदा असतो. आणि एक गोष्ट मी आयुष्यभर मटार सोलूनही पहिल्यांदा बघितली, दाणे एकाआड एक दोन्ही सालांना धरून असतात. पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा परत डावीकडे. प्रत्येकाला बारीकसा देठ. किलोनं सोलताना आपण अंगठा फिरवून मोकळे होतो. आईंनी पहिला दाणा तोंडात टाकला, बराच वेळ फिरवला. नंतर मी. साखर तोंडात आली, खरोखर साखर, आणि मागून हलकासा तुरटपणा. मटार तोडल्यापासूनच आतल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि उबेत ते भराभर होतं. अर्केलमध्ये तो वेग कमी असला तरी ट्रकमधून, वाशीच्या मार्केटमधून, मंडईतल्या गाडीवरून आपल्या फ्रीजमध्ये पोचेपर्यंत चव बरीच उतरलेली असते. मी बोरिवलीत राहून पन्नाशीपर्यंत मटाराची खरी चव घेतलीच नव्हती, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटलं, आणि आईंना ती माहीत होती, चोरून खाल्लेल्या दाण्यांची. सरीत वाकून तोडताना एखादी शेंग तोंडात टाकायची, मुकादम बघत नसताना. हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं.

मटार उसळ करायची होती, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर आणि आल्याचं हिरवं वाटण घालून. होईल एवढे निघालेही होते, चौघांना चमचा-चमचा. पण कच्चेच संपले. आणि मग मी चार भरलेल्या शेंगा घेऊन लिफ्टनं थेट तळमजल्यावर गेले. काकूंना म्हटलं आत्ताच खा, नंतर नको. त्यांनी दारातच एक सोलली. खाता खाता थांबल्या. "किती असतं गं तुझ्याकडे पहाटे?" मी कॅलेंडरचा फोटो दाखवला. त्यांनी चौकोन मोठे करून करून सगळे आकडे वाचले, वही तपासावी तसे, एकेक. मग म्हणाल्या, "सरासरी सम आहे, ते मी चुकीचं नाही शिकवलं. पण सरासरी म्हणजे रोजची पहाट नव्हे, हे सांगायचं राहिलं." आणि मग त्यांना १९६२ चा जानेवारी आठवला, बावीस तारखेला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदलं गेलं होतं, त्या शाळेत होत्या तेव्हा, विलेपार्ल्याला, अंगणात शेकोटी आणि हात खिशातून बाहेर काढवत नव्हता. हा आकडा त्यांना तोंडपाठ होता. मला वाटतं त्यांनी दर वर्षी वर्गात तो सांगितला असेल, आणि मुलांनी अपवाद म्हणून लिहून घेतला असेल.

माझ्या मनातलं जे टोचत होतं ते तिथे मोकळं झालं. मी मुंबईला थंडी नाही म्हणत होते तेव्हा मी पुण्याच्या थंडीशी, नाशिकच्या थंडीशी ताडून बघत होते. इथली थंडी पहाटेची आहे, चार-पाच आठवड्यांची आहे, आणि बोरिवलीत असेल त्या दिवशी कुलाब्यात असेलच असं नाही, ग्रिलपाशी असेल त्या दिवशी भिंतीपाशी असेलच असंही नाही. तेवढी एका झाडाला पुरते. आणि मला भीती पण वाटते, हे लिहायलाच हवं, की हा पट्टा आहे तो किती वर्षं राहील. रात्री उबदार होत चालल्यात हे सगळीकडे मोजलं जातंय, समोरच्या प्लॉटवर टॉवरचं काम सुरू झालंय, पार्काकडून येणारी हवा उद्या त्याला अडेल का माहीत नाही. मटाराकडे बघताना आनंद होत होता त्यातच हे मिसळलेलं होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पानांवर भुरी आली. पांढरी पिठासारखी, आधी खालच्या पानांवर. आंबट ताक पाण्यात पातळ करून फवारलं, थोडी थांबली, पण एव्हाना पहाटेचा आकडा विशीत गेला होता आणि वेल आपणहून आवरतं घेत होते. सगळ्यात खालच्या, आधी लागलेल्या शेंगांना आईंनी केव्हाच लाल दोरा बांधून ठेवला होता, ह्यांना हात लावायचा नाही म्हणून. लेकानं एकदा विचारलं, आजी एवढ्या गोड शेंगा वाळवायच्या? तर त्या म्हणाल्या, गोड आहेत म्हणूनच. त्या वेलावरच पिवळ्या झाल्या, मग कागदासारख्या कुरकुरीत, आतले दाणे वाजायला लागले. फोडल्या तर दाणे हिरवट आणि पुरते सुरकुतलेले. आईंनी ताटात पसरून सावलीत वाळवले आणि चाळलेली राख लावून काचेच्या बरणीत भरले.

वेल मुळासकट उपटले नाहीत, मातीलगत कापले. एकच उपटून बघितला, मुळांवर बारीक गाठी होत्या, एक नखानं फोडली तर आतून गुलाबी. म्हणजे रायझोबियमनं काम केलंय. त्यांनी हवेतला नत्र धरून ठेवलाय तो मातीतच राहू दे, वरून लाल माठाचं बी फेकलं, त्याला उन्हाचं काही वाटत नाही आणि आता तो चांगला बोटभर वर आलाय. मटाराची बरणी आईंच्या कपाटात आहे, त्यांच्या औषधांच्या डब्याशेजारी. किती पेरायचे यावरून आमचं अजून एकमत नाही. मला डबे वाढवून सगळे पेरायचे आहेत. त्या म्हणतात निम्मे ठेव, एखाद्या वर्षी थंडी नाही पडली तर पुढच्या साली बी कुठून आणशील.